बेवारसांचे वारस

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात दोन दफनस्थळांचा उल्लेख आला आहे. प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत पवित्र सप्ताहात आपण सारे ऐकतो, त्यामुळे दोन्ही उल्लेख आपल्या परिचयाचे आहेत. मात्र ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे सहसा आपल्या मनात येत नाही. पहिले स्थळ म्हणजे कुंभाराचे शेत. यहूदाने मंदिरात फेकून दिलेली तीस रुपये ही रक्ताचे मोल होती. ती भांडारात टाकणे याजकांना सशास्त्र वाटेना. म्हणून त्यांनी त्या पैशातून कुंभाराचे शेत विकत घेतले आणि परक्यांना पुरण्यासाठी ते राखून ठेवले. दुसरे स्थळ म्हणजे अरिमथाईकर योसेफाची कबर. ती त्याने स्वतःसाठी खडकात खोदून घेतली होती. क्रुसावर गुन्हेगार म्हणून मारल्या गेलेल्या प्रभूचे शरीर मागण्यासाठी तो पिलाताकडे गेला, त्याने ते स्वच्छ तागाच्या वस्त्रात गुंडाळले आणि आपल्या त्या नव्या कबरेत ठेवले. त्या वेळी बहुतेक शिष्य पांगलेले होते.

एकीकडे कोणालाही नको असलेला पैसा आणि कोणालाही नको असलेली माणसे. दुसरीकडे स्वतःसाठी राखलेली वस्तू, दुसऱ्याला दिलेली. ज्याच्यामागे कोणी नाही अशा मृताचे काय करावयाचे, ह्या प्रश्नाला मानवसमाजाने आजवर जी उत्तरे दिली ती स्थूलमानाने ह्या दोन प्रकारची आहेत. पहिल्या उत्तराला आपण विल्हेवाट म्हणतो, दुसऱ्याला अंत्यसंस्कार. ख्रिस्तसभेच्या इतिहासात ही दोन्ही उत्तरे सापडतात, आणि म्हणूनच तो इतिहास आपण एकदा डोळसपणे पाहिला पाहिजे.

तोबीतचे अपुरे जेवण

मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे, ही शिकवण आपल्याला जुन्या करारातील तोबीतच्या ग्रंथाने दिली. तोबीत हा नप्ताली वंशातील इस्राएली. बंदिवान म्हणून त्याला निनवे नगरात नेण्यात आले होते. सन्हेरीब राजा इस्राएली लोकांना ठार मारी, तेव्हा त्यांची प्रेते तटाबाहेर फेकली जात. तोबीत ती गुपचूप उचलून पुरत असे. कोणीतरी चहाडी केली. तोबीतला जीव घेऊन पळावे लागले आणि त्याची सारी मालमत्ता जप्त झाली. पुढे राजा बदलल्यावर तो घरी परतला. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला त्याच्यापुढे सुग्रास जेवण वाढले गेले. एकट्याने जेवणे त्याला गोड वाटेना, म्हणून त्याने आपला मुलगा तोबिया ह्याला एखादा गरीब देशबांधव शोधून आणावयास पाठविले. मुलगा परतला तो वेगळीच वार्ता घेऊन: आपल्यातील एका माणसाला गळा आवळून मारून बाजारात टाकले आहे. तोबीत घासही न घेता उठला, त्याने ते प्रेत उचलून आणले आणि सूर्य मावळल्यावर खड्डा खणून पुरले. शेजाऱ्यांनी त्याची टवाळी केली. ह्याच कामापायी ह्याला एकदा देशोधडीला लागावे लागले, तरी हा अजून शहाणा होत नाही, असे त्यांचे म्हणणे.

ह्या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बाजारात पडलेल्या माणसाचे नाव ग्रंथात दिलेले नाही. तो तोबीतचा भाऊ नव्हता, व्याही नव्हता, ऋणकोही नव्हता. ज्याला पानावर बसवायचे होते त्याला मातीत ठेवावे लागले, एवढाच काय तो त्यांचा संबंध. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने भुकेल्याला अन्न देण्यापासून तुरुंगातील माणसाची भेट घेण्यापर्यंत सहा कृत्ये सांगितली आहेत. मध्ययुगात दयेच्या शारीरिक कृत्यांची जी सात कलमांची यादी रूढ झाली, तिच्यातील सातवे कृत्य, म्हणजे मृतांचे दफन, हे तोबीतच्या ग्रंथातून आलेले आहे. पहिल्या सहा कृत्यांचा लाभ ज्याला होतो तो निदान कृतज्ञतेने आपल्याकडे पाहू शकतो. सातव्या कृत्यात ती शक्यताच नाही.

वर्गणीचा हक्क आणि गरिबांचा निधी

प्राचीन रोम शहरात गरिबांना मरणापेक्षा मरणानंतरच्या विटंबनेची धास्ती अधिक होती. एस्क्विलाइन टेकडीवर, तटाच्या बाहेर, दरिद्री लोकांची आणि गुलामांची प्रेते सामायिक खड्ड्यांत टाकली जात. ऑगस्टस बादशहाच्या काळात माईसेनास ह्या धनिकाने त्या जागेवर माती टाकून उद्यान उभारले. आपली अशी गत होऊ नये म्हणून साधी माणसे मंडळे स्थापन करीत. रोमजवळच्या लानुव्हिअम गावातील अशा एका मंडळाचे नियम इसवी सन १३६ च्या शिलालेखात वाचावयास मिळतात. प्रवेशशुल्क १०० सेस्टर्स आणि उत्तम मद्याचा एक कुंभ. त्यानंतर दरमहा ५ आस ही किरकोळ वर्गणी. सभासद मेला की अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स. त्या मंडळात गुलामही असत. एखाद्या मालकाने दुष्टपणे गुलामाचे प्रेत देण्याचे नाकारले, तर त्याची प्रतिमा करून तिच्यावर अंत्यविधी करावा, असाही एक नियम होता. तो वाचून आजही मन हेलावते. परंतु वर्गणी थकली की हक्क संपे. ज्याने भरले त्याला मिळाले, असा तो रोखठोक व्यवहार होता.

ह्याच साम्राज्यात सुमारे १९७ साली तेर्तुलियन ह्या लेखकाने ख्रिस्ती लोकांच्या निधीचे वर्णन केले आहे. त्यांच्यातही दरमहा पैसे गोळा होत. पण ज्याच्या त्याच्या खुशीने, जमेल तेवढे. तो पैसा गरिबांना जेवू घालण्यासाठी, त्यांचे दफन करण्यासाठी, अनाथ मुले, वृद्ध गुलाम आणि जहाज फुटून निराधार झालेली माणसे ह्यांच्यासाठी खर्च होई. येथे भरणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा होता. अरिस्तिदेस ह्या दुसऱ्या शतकातील लेखकानेही असेच लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती लोकांतील एखादा गरीब मरण पावला, तर ज्याच्या नजरेस ते पडेल तो ऐपतीप्रमाणे त्याच्या दफनाची तजवीज करतो. तिसऱ्या शतकाच्या आरंभी पोप झेफिरिनस ह्यांनी रोममधील एका दफनभूमीची व्यवस्था कालिस्तस नावाच्या उपाध्यायाकडे सोपविली. हा कालिस्तस पूर्वाश्रमीचा गुलाम. पुढे तो स्वतः पोप झाला आणि ती भूगर्भातील दफनभूमी आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

ह्या कामाची दखल विरोधकांनीही घेतली. ज्युलियन बादशहाने ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या रोमन दैवतांची पूजा पुन्हा रुजविण्याचा यत्न केला. गलातियातील मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या, त्याच्या नावावरील पत्रात तो विचारतो, की परक्यांविषयीची आस्था आणि मृतांच्या थडग्यांची निगा ह्यांमुळेच ह्या लोकांचा पंथ वाढला, हे आपल्याला दिसत नाही काय? त्याच्या काही दशके आधी लाक्तांतियस ह्या ख्रिस्ती लेखकाने परक्यांचे व गरिबांचे दफन हे भक्तीचे अखेरचे व सर्वांत थोर कर्तव्य मानले होते. आपल्या माणसाला मूठमाती देताना मायाच आपल्याला पुढे ढकलते. परक्याला देताना माणुसकीखेरीज दुसरे काही हाताशी नसते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे.

रानातील मृतांसाठी

एखादा तोबीत गावोगाव मिळत नाही. म्हणून जे काम एकट्याच्या धैर्यावर सोडून भागत नाही, ते मध्ययुगात बंधुसंघांनी अंगावर घेतले. फ्लोरेन्स शहरातील दयेचा बंधुसंघ आपली परंपरा १२४४ सालापासून सांगतो आणि आजही रुग्णांची ने-आण करतो. रोममध्ये १४८८ साली स्थापन झालेला एक बंधुसंघ देहदंड झालेल्या कैद्यांची अखेरची सोबत करी आणि त्यांचे दफनही करी. १५३८ साली तेथेच आणखी एका संघाचा आरंभ झाला. ‘प्रार्थना व मृत्यू’ असे त्याचे नाव. १५५२ साली पोप तिसरे ज्युलियस ह्यांनी त्याला मान्यता दिली. रोमच्या आसपासच्या ओसाड माळरानात मोलमजुरीला आलेली माणसे तापाने मरत, वाटसरू लुटले जात, टायबर नदीत माणसे बुडत. त्यांची ओळख पटवावयास कोणी नसे. वार्ता आली की संघाचे सभासद काळे झगे घालून, खांद्यावर तिरडी घेऊन, कित्येक मैल पायी जात आणि प्रेत शहरात आणून प्रार्थनेसह पुरीत.

व्हिया ज्युलिया रस्त्यावरील त्यांच्या चर्चमध्ये रानात सापडणाऱ्या गरीब मृतांसाठी दान मागणारी १६९४ सालची दानपेटी आजही पाहावयास मिळते. १५५२ पासून १८९६ पर्यंत ह्या संघाने आठ हजारांहून अधिक मृतांना मूठमाती दिली. चर्चखालच्या तळघरात जपलेल्या काही कवट्यांवर मृताविषयी जे काही कळले, ते कोरून ठेवलेले आहे. आजच्या वाचकाला हा प्रकार कदाचित भेसूर वाटेल. पण त्या कोरण्यामागचा हेतू उघड आहे: हा माणूस कोणीतरी होता, ह्याची नोंद राहावी.

लिस्बनपासून वसईपर्यंत

आपल्या भूमीशी थेट जोडलेला धागा मात्र लिस्बनचा आहे. १४९८ च्या मे महिन्यात वास्को द गामा कालिकतला पोहोचला. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी, मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, राणी लियोनोर हिच्या पुढाकाराने लिस्बनमध्ये मिझेरिकोर्दिया, म्हणजे ‘दया’, ह्या नावाचा बंधुसंघ स्थापन झाला. दयेची सात शारीरिक व सात आध्यात्मिक कृत्ये हीच त्याची घटना होती. सभासदांत अर्धे सरदार घराण्यांतील आणि अर्धे कारागीर, अशी योजना होती. ह्या संघाला राजाकडून एक आगळा अधिकार मिळाला होता. फासावर लटकविलेल्यांची प्रेते त्या काळी तेथेच कुजत ठेवीत. दरवर्षी सकल संतांच्या दिवशी संघाचे सभासद मिरवणुकीने वधस्तंभाकडे जात, तेथील हाडे गोळा करीत आणि पवित्र भूमीत त्यांचे दफन करीत. ज्या दिवशी ख्रिस्तसभा स्वर्गातील संतांचा गौरव करते, त्याच दिवशी समाजाने टाकलेल्यांची हाडे खांद्यावर घेऊन नगरातून चालावयाचे, ही प्रथा विलक्षण होती.

पोर्तुगीज जेथे गेले तेथे ही संस्था गेली. गोवा, कोची, चौल, वसई, दमण, १५६९ साली मकाव, १५८३ साली जपानमधील नागासाकी. वसईच्या किल्ल्यातही मिझेरिकोर्दिया होती. लिस्बनहून निघालेला तरुण शिपाई वा खलाशी ह्या किनाऱ्यावर तापाने दगावला, तर त्याच्या उशाशी ना आई, ना बायको. अशा मृतांचे दफन करणे, त्यांचे मृत्युपत्र अमलात आणणे आणि त्यांच्या मागे उरलेला पैसा समुद्रापलीकडच्या वारसांकडे पोहोचविणे ही कामे ह्या बंधुसंघाकडे असत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला पडला आणि येथील तो अध्याय संपला. आज त्या भग्न भिंतींमधून हिंडताना आपण कमानी आणि शिलालेख पाहतो. पण त्याच भिंतींआड एके काळी परक्या मृतांना खांदा देणाऱ्यांचा संघ नांदत होता, हे आपल्या स्मरणात नसते.

तथापि ह्या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या मानुएल राजाच्या काळात लिस्बनची मिझेरिकोर्दिया बहरली, त्याच राजाने १५१५ च्या नोव्हेंबरात नगरपालिकेला एक पत्र लिहिले. आफ्रिकेतून आणलेले गुलाम मेल्यावर त्यांची प्रेते उकिरड्यावर व वाटेवर टाकली जात, कुत्री ती ओढीत आणि शहरात दुर्गंधी पसरे. ह्यावर राजाने सुचविलेला उपाय म्हणजे एक खोल खड्डा खणावा, प्रेते त्यात टाकावीत आणि अधूनमधून वरून कळीचा चुना टाकावा. ‘काळ्यांची विहीर’ अशा अर्थाचे नाव आजही लिस्बनमधील एका रस्त्याला आहे. त्या गुलामांपैकी पुष्कळांचा बाप्तिस्मा झालेला होता. म्हणजे एकाच शहरात, एकाच राजाच्या अमलाखाली, योसेफाची कबरही होती आणि कुंभाराचे शेतही होते. पुढे खुद्द बंधुसंघातही सभासदांची तिरडी वेगळी आणि गरिबांची वेगळी, असे भेद शिरले. दयेची संस्था उभारली म्हणजे दया आपोआप सर्वांपर्यंत पोहोचते असे नाही, हा धडा आपण ह्यातून घ्यावयाचा.

आपल्या काळात

कुंभाराचे शेत ही केवळ प्राचीन गोष्ट नव्हे. न्यूयॉर्क शहराने १८६९ पासून हार्ट बेटावर बेवारस व गरीब मृतांना लांबच लांब चरांत पुरले. तेथे दहा लाखांहून अधिक माणसे मातीत विसावली आहेत. इंग्रजीत अशा भूमीला अजूनही कुंभाराचे शेत असेच म्हणतात. २०२० साली कोरोनाच्या साथीत त्याच बेटावर एकावर एक रचलेल्या शवपेट्यांची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. त्या दोन वर्षांत भरल्या घरातील माणसेही आप्तांवाचून मातीआड वा चितेवर गेली. बेवारस होणे म्हणजे काय, हे तेव्हा अनेक कुटुंबांनी अनुभवले.

परंतु योसेफाचे वारसही ह्या काळात दिसले. मदर तेरेसा ह्यांनी १९५२ साली कोलकात्यात कालीघाट येथे निर्मल हृदय उघडले. रस्त्यावरून उचलून आणलेला माणूस तेथे दगावला, तर त्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे त्याचा अंत्यविधी होई. अयोध्येच्या मोहम्मद शरीफ ह्यांचा मुलगा १९९२ साली परगावी मारला गेला आणि बेवारस म्हणून त्याच्या देहाची विल्हेवाट लागली. तेव्हापासून ह्या सायकल दुरुस्त करणाऱ्या पित्याने हजारो बेवारस मृतांचे, हिंदूंना अग्नी आणि मुसलमानांना मूठमाती देऊन, अंत्यसंस्कार केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात येशूसंघीयांच्या एका शाळेने २००३ साली अरिमथाईकर योसेफाच्या नावानेच एक सेवासंघ सुरू केला. ज्यांना खांदेकरी नाहीत, त्यांची शवपेटी ही शाळकरी मुले वाहून नेतात. रस्त्यावरच्या बेघर मृतालाही त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानाने निरोप मिळाला पाहिजे, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली मान्य केले आहे.

हा सारा इतिहास येथे मांडण्याचे कारण आपल्या धर्मग्रामांतच आहे. कुटुंबे लहान झाली. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थिरावली. अविवाहित राहिलेली बहीण, निपुत्रिक विधवा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी राबलेली बाई, चाळीत एकटाच राहणारा निवृत्त कामगार अशी माणसे प्रत्येक धर्मग्रामात आहेत. रविवारच्या मिस्सेला ती मागच्या बाकावर असतात. त्यांच्यापैकी कोणी शहरातील एखाद्या रुग्णालयात दगावले आणि ताबा घ्यावयास कोणी गेले नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तो देह बेवारस ठरतो. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यान्वये असा देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे अभ्यासासाठी जाऊ शकतो. स्वेच्छेने केलेले देहदान पुण्याचेच आहे. मात्र कोणी विचारपूस केली नाही म्हणून घडलेल्या गोष्टीला दान म्हणता येत नाही.

१९८३ च्या धर्मसंहितेचे ११८१ वे कलम सांगते की अंत्यविधीत व्यक्तिव्यक्तींत भेदभाव होऊ नये आणि गरिबांना योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवू नये. हे कलम धर्मगुरूंसाठी आहे, असे समजून आपण मोकळे होऊ शकत नाही. मिस्सा धर्मगुरू अर्पण करतील; पण पोलीस ठाण्यात जाऊन कागदावर सही करणे, रुग्णालयातून देह आणणे, त्याला स्नान घालून वस्त्र नेसविणे, शवपेटी आणणे आणि खांदा देणे ही कामे नेहमीच प्रापंचिकांनी केलेली आहेत. रोममधील ते काळे झगेवाले आणि लिस्बनमधील ते कारागीर तुमच्या-आमच्यासारखेच घरसंसार असलेले लोक होते.

त्यासाठी फार मोठी संस्था उभारावी लागेल असे आम्हाला वाटत नाही. धर्मग्रामात एकटे राहणाऱ्यांची यादी असावी, आणि त्यांनी हयातीतच आपली अखेरची इच्छा, ओळखीची कागदपत्रे व कोणाला कळवावयाचे ती नावे एका विश्वासू व्यक्तीकडे लिहून ठेवावीत. दिवसा वा रात्री हाक दिल्यास निघतील असे चार पुरुष व चार स्त्रिया प्रत्येक विभागात असावेत. थोडा निधी असावा, आणि त्याचा लाभ कोणी वर्गणी भरली हे पाहून दिला जाऊ नये. दफनाच्या वहीत मृताचे पूर्ण नाव आणि गाव लिहिले जावे, क्रुसावरही तेच नाव असावे, आणि महिन्याची व वर्षाची मिस्सा चुकू नये. वाटेत सापडलेला मृत आपल्या धर्माचा नसेल, तर त्याच्या धर्मबांधवांना शोधून, त्यांच्या रीतीने त्याला निरोप मिळेल हे पाहावे.

क्लूनीचे मठाधिपती संत ओदिलो ह्यांनी सुमारे ९९८ साली आपल्या मठांतून २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना करण्याचा प्रघात घातला. सर्व मृतांसाठी, म्हणजे ज्यांची आठवण काढणारे कोणी उरलेले नाही त्यांच्यासाठीही. त्या दिवशी आपल्या दफनभूमीत प्रत्येक कुटुंब फुले व मेणबत्त्या घेऊन आपापल्या कबरेपाशी उभे राहते, आणि काही कबरींपाशी कोणीच उभे नसते. येत्या नोव्हेंबरात प्रत्येक कुटुंबाने घरून एक मेणबत्ती अधिक न्यावी, त्यांतील एका कबरेपाशी थांबावे आणि तेथले नाव मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे.